न खेळला गेलेला अंतिम सामना : आशियाई विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची चार पर्वे

१/ एप्रिल १९७१. स्थळ बँकॉक. आशियातील सर्वश्रेष्ठ फुटबॉल क्लब कोणता, हे ठरवणारा अंतिम सामना व्हायचा होता. एका बाजूला इस्रायलचा मॅकाबी तेल अवीव आणि दुसऱ्या बाजूला इराकचा आलियात अल-शुर्ता, म्हणजे बगदादच्या पोलीस दलाचा संघ. सामना झालाच नाही. इराकी संघाने इस्रायली संघाविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच मॅकाबीकडे गेला. पुढच्या वर्षीची स्पर्धा रद्द झाली. त्यानंतर आशियातील विजेत्या क्लबांना पुन्हा एका स्पर्धेत एकत्र येण्यासाठी १९८५ साल उजाडावे लागले.

२/ या अल्पायुषी स्पर्धेचे नाव होते 'आशियाई विजेत्या क्लबांची स्पर्धा'. १९६७, १९६९, १९७० आणि १९७१ अशी तिची अवघी चार पर्वे झाली. त्यांपैकी तीन पर्वांत भारताचा संघ होता. आज आशियातील जी सर्वांत मोठी क्लब स्पर्धा मुंबई, गोवा आणि पुण्याच्या मैदानांपर्यंत येऊन पोहोचली आहे, तिचे मूळ याच चार पर्वांत आहे. तरीही आपल्याकडे तिची आठवण जवळजवळ पुसली गेली आहे. ती का जन्मली, कशी चालली आणि का मेली, याचा हा मागोवा.

३/ आधी पार्श्वभूमी. युरोपात विजेत्या क्लबांची स्पर्धा १९५५-५६ मध्ये सुरू झाली. दक्षिण अमेरिकेत १९६० मध्ये, आफ्रिकेत १९६४-६५ मध्ये. विमानप्रवास सुलभ झाला होता, मैदानांवर विजेचे दिवे आले होते आणि एका देशाच्या विजेत्याने दुसऱ्या देशाच्या विजेत्याशी झुंज द्यावी, ही कल्पना रुजली होती. मागे राहिला होता तो आशिया. आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना १९५४ मध्ये मनिला येथे झाली होती. १९५८ पासून त्याचे अध्यक्ष होते मलायाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान. फुटबॉल हे नव्या राष्ट्रांना जोडणारे साधन आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती.

४/ पण आशियाचा नकाशा युरोपसारखा आटोपशीर नव्हता. तेल अवीवपासून टोकियोपर्यंतचे अंतर, निरनिराळे ऋतू, निरनिराळी चलने आणि रिकाम्या तिजोऱ्या. आज आपल्या मैदानावर, पंधरवड्याने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, ही युरोपीय रीत येथे परवडणारी नव्हती. म्हणून साधा मार्ग निवडला गेला : सर्व संघांनी एका शहरात जमायचे आणि तेथेच निकाल लावायचा. चारपैकी तीन वेळा ते शहर बँकॉक होते, एकदा तेहरान. या सोयीत एक धोका दडलेला होता. सगळे एकाच छताखाली आले की कोणाला कोणाशी खेळायचे नाही, हेही सगळ्यांच्या देखत उघड होते.

५/ पहिले पर्व १९६७ चे. त्याच वर्षी जून महिन्यात सहा दिवसांचे युद्ध झाले होते आणि इस्रायलने इजिप्त, सीरिया व जॉर्डन यांच्याकडून मोठा प्रदेश जिंकून घेतला होता. त्या वर्षी बँकॉकमध्ये अंतिम सामना झाला तो इस्रायलचा हापोएल तेल अवीव आणि मलेशियाचा सेलांगोर यांच्यात. हापोएलने तो २-१ असा जिंकला. 'हापोएल' या हिब्रू शब्दाचा अर्थ 'कामगार'. इस्रायलच्या कामगार चळवळीतून उभ्या राहिलेल्या क्रीडासंस्थेचा तो क्लब होता. आशियाचा पहिला क्लब-विजेता असा एका कामगार संघटनेच्या परंपरेतून आला.

६/ उपविजेता सेलांगोर मात्र रूढ अर्थाने क्लबच नव्हता. सेलांगोर हे मलेशियातील एक राज्य. तेथील राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या संघांत होत असे, म्हणून क्लबांच्या स्पर्धेत राज्याचा संघ आला. पुढे इंडोनेशियातून आलेला पीएसएमएस मेदान हा मेदान शहराच्या फुटबॉल संघटनेचा संघ होता. येथूनच या स्पर्धेच्या मुळाशी असलेला एक प्रश्न पुढे येतो. क्लब म्हणजे काय? युरोपात त्याचे उत्तर ठरलेले होते. आशियात प्रत्येक देशाचे उत्तर निराळे होते.

७/ १९६९ च्या बँकॉक पर्वातील नावे पाहिली की हे स्पष्ट होते. थायलंडकडून बँकॉक बँक. हाँगकाँगकडून कौलून मोटर बस, म्हणजे चक्क बस कंपनी. जपानकडून हिरोशिमाची तोयो इंडस्ट्रीज, म्हणजे माझदा मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचा संघ. दक्षिण व्हिएतनामकडून पोलीस. मलेशियाकडून पेराक राज्य. इराणकडून पर्सेपोलिस. आणि भारताकडून म्हैसूर राज्य. बँक, बस, कारखाना, पोलीस आणि राज्य : त्या काळच्या आशियात फुटबॉलपटूचे पोट कोण भरत होते, याची ही यादीच आहे.

८/ ही यादी पुणे जिल्ह्यातील वाचकाला परकी वाटू नये. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे ठाणे. शिरूर म्हणजे घोडनदी ही इंग्रजी अमदानीतील घोडदळाची छावणी, आणि आज त्याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. छावणी, रेल्वे, पोलीस आणि कारखाना, याच चार आधारांवर भारतात फुटबॉल उभा राहिला. १८९१ मध्ये मुंबईत पहिला रोव्हर्स चषक जिंकला तो वूस्टरशायर रेजिमेंटने. पुढे गोऱ्या पलटणींची जागा देशी संघांनी घेतली. तरी खेळाडूला नोकरी देणारी संस्था हाच संघाचा कणा राहिला.

९/ मुंबईचे उदाहरण बोलके आहे. हारवुड लीगमध्ये टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट अशी नावे झळकत. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सने जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा याच मुंबईचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातील फॉर्चुनाटो फ्रँको मूळचे गोव्यातील कोलवाळचे आणि खेळले टाटांकडून. दिवसा कचेरी, संध्याकाळी कूपरेज, असा तो क्रम होता. कौलूनच्या बस कंपनीचा खेळाडू आणि मुंबईच्या तेल कंपनीचा खेळाडू यांच्या आयुष्यात फारसा फरक नव्हता.

१०/ मग भारताने मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मुंबईतील एखादा संघ का पाठवला नाही? कारण त्या काळी भारतात क्लबांचे राष्ट्रीय विजेतेपदच नव्हते. कोलकात्याची लीग कोलकात्यापुरती, मुंबईची मुंबईपुरती. ड्युरँड, रोव्हर्स आणि आयएफए शील्ड या प्रतिष्ठेच्या स्पर्धा होत्या. पण त्यांतील कोणत्याही विजेत्याला 'भारताचा विजेता' म्हणण्याची रीत नव्हती. राष्ट्रीय विजेतेपद एकच होते : १९४१ पासून चालत आलेला आंतरराज्य संतोष करंडक.

११/ दोन याद्या शेजारी ठेवल्या की संगती दिसते. संतोष करंडक १९६७-६८ आणि १९६८-६९ मध्ये म्हैसूरने जिंकला. १९६९ च्या आशियाई स्पर्धेत म्हैसूर. १९६९-७० चा विजेता बंगाल. १९७० च्या स्पर्धेत पश्चिम बंगाल. १९७०-७१ चा विजेता पंजाब. १९७१ च्या स्पर्धेत पंजाब. क्लबांच्या आशियाई स्पर्धेत भारताने तिन्ही वेळा राज्ये पाठवली. महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला होता १९६३-६४ मध्ये, आणि फ्रँको त्या संघात होते. आशियाई स्पर्धा तीन-चार वर्षे आधी सुरू झाली असती, तर त्या यादीत महाराष्ट्राचे नाव दिसण्याची शक्यता होती.

१२/ म्हैसूरबद्दल एक छोटी नोंद. १९६९ मधील म्हैसूर राज्य म्हणजे आजचे कर्नाटक. बेळगाव, कारवार आणि बीदर त्याच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याचे नाव बदलले. त्यामुळे आशियाई क्लब फुटबॉलच्या इतिहासातील पहिल्या भारतीय संघाचे नाव आज नकाशावर सापडत नाही. ही स्पर्धा मुळातच हरवलेल्या नावांची आहे. त्याची आणखी उदाहरणे पुढे येतील.

१३/ १९६९ चा अंतिम सामना मॅकाबी तेल अवीवने जादा वेळेत १-० असा जिंकला. हरलेला संघ होता दक्षिण कोरियाचा यांगजी. या संघाची जन्मकथा एखाद्या हेरकथेत शोभावी अशी आहे. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने बलाढ्य इटलीला १-० असे हरवले आणि साऱ्या जगाला चकित केले. सोलमधील राज्यकर्त्यांना हे यश झोंबले. परिणामी १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचर संस्थेने स्वतःचाच फुटबॉल संघ काढला आणि देशातील उत्तमोत्तम खेळाडू त्यात भरती केले.

१४/ 'यांगजी' म्हणजे उन्हाची जागा. आम्ही सावलीत राहून काम करतो आणि उजेडाकडे वाटचाल करतो, अशा आशयाचे त्या संस्थेचे ब्रीद होते. त्यातूनच हे नाव आले. उत्तर कोरियाशी मैदानात गाठ पडली तर हरायचे नाही, हा एकच हेतू. पण संस्थेचा प्रमुख बदलला, हेतू मागे पडला आणि १९७० मध्ये संघ विसर्जित झाला. अवघ्या तीन वर्षांचे आयुष्य. त्यात आशियाचे उपविजेतेपद. राज्यसत्तेच्या इच्छेने उभा राहिलेला संघ राज्यसत्तेच्या दुर्लक्षाने संपला.

१५/ १९७० मध्ये स्पर्धा तेहरानला गेली. यजमान क्लबचे नाव 'ताज'. अर्थ आपल्याला सांगायला नकोच. फारसीतून मराठीत आलेला तोच शब्द. शाह मोहम्मद रझा पहलवी यांच्या राजवटीत इराणचे इस्रायलशी व्यवहारिक संबंध होते. तेल, व्यापार, विमानसेवा सारे चालू होते. त्यामुळे इस्रायली संघ तेहरानमध्ये येऊन खेळू शकत होता. दोनच वर्षांपूर्वी, १९६८ च्या आशियाई चषकात, याच शहरात इराणने इस्रायलला २-१ असे हरवून विजेतेपद मिळवले होते.

१६/ या पर्वात पहिली ठिणगी पडली. उपांत्य फेरीत हापोएल तेल अवीवची गाठ होती लेबनॉनच्या होमेनेतमेनशी. होमेनेतमेन हा बैरूतमधील आर्मेनियन समाजाचा क्लब. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संहारातून वाचून लेबनॉनमध्ये आलेल्या लोकांनी जपलेली ही संस्था. इस्रायलशी या समाजाचे स्वतःचे भांडण नव्हते. पण क्लब लेबनॉनचा होता आणि लेबनॉन अरब राष्ट्रांच्या बहिष्काराशी बांधलेला होता. होमेनेतमेनने सामना सोडला. हापोएल न खेळता अंतिम फेरीत पोहोचला.

१७/ अंतिम सामन्यात अमजदिये मैदानावर ताजने हापोएलला २-१ असे हरवले. प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे झ्द्रावको राय्कोव्ह. चार पर्वांतील हे एकमेव विजेतेपद जे इस्रायलबाहेर गेले. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर 'ताज' हे राजेशाहीचे नाव टिकणे शक्यच नव्हते. क्लबचे नाव झाले 'एस्तेगलाल', म्हणजे स्वातंत्र्य. मैदान आणि चाहते तेच, शहर तेच, फक्त इतिहासाने नाव पुसून नवे लिहिले.

१८/ आणि मग आले १९७१. बँकॉकमध्ये बगदादच्या पोलिसांचा संघ उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाच्या लष्करी संघाला हरवून अंतिम फेरीत आला. समोर मॅकाबी. अरब राष्ट्रांनी इस्रायलचे अस्तित्व मान्य केलेले नव्हते आणि १९६७ चा पराभव ताजा होता. इस्रायली संघाबरोबर हस्तांदोलन करून खेळणे म्हणजे त्या राष्ट्राला मान्यता देणे, असे बगदादमध्ये मानले जाई. आलियात अल-शुर्ताने अंतिम सामना सोडला. आशियाई विजेतेपदाच्या इतक्या जवळ आलेल्या खेळाडूंपुढे आपल्या सरकारच्या धोरणाविरुद्ध जाण्याचा पर्याय नव्हता.

१९/ या घटनेकडे भारतीय वाचकाने घाईने पाहू नये. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश दिला नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. परिणामी जकार्तातील जमाव भारतीय पथकावर संतापला आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाला अत्यंत प्रतिकूल प्रेक्षकांसमोर खेळावे लागले. भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. खेळात राजकारण आणू नये, अशी तेव्हा भारतीय प्रतिनिधीची भूमिका होती.

२०/ पण १९७४ मध्ये भारतानेच याच्या उलट पाऊल उचलले. टेनिसच्या डेव्हिस चषकात विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने अंतिम फेरी गाठली. समोर होती वर्णद्वेषी राजवटीची दक्षिण आफ्रिका. भारताने अंतिम लढत खेळण्यास नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला बहाल झाला. आजही आपण त्या नकाराकडे अभिमानाने पाहतो. म्हणजे न खेळणे हे नेहमीच पळपुटेपणाचे नसते. बगदादच्या निर्णयाशी सहमत असावे वा नसावे. पण अंतिम सामन्यातील रिकामी जागा आपल्यालाही परिचित आहे.

२१/ भारताचे स्वतःचे इस्रायल-धोरणही दुहेरी होते. सप्टेंबर १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली. पण संपूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ पर्यंत प्रस्थापित केले नाहीत. मधली चार दशके इस्रायलची भारतातील कचेरी होती ती मुंबईत. त्याच मुंबईतून आणि कोकणातून मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक तिकडे जाऊन स्थायिक होत होते. फुटबॉल मात्र अडला नाही. १९६४ चा आशियाई चषक इस्रायलमध्ये झाला तेव्हा भारत तेथे गेला, दक्षिण कोरिया व हाँगकाँगला हरवून उपविजेता ठरला. भारताचे ते आशियाई चषकातील आजवरचे सर्वोच्च स्थान आहे.

२२/ १९७२ चे पर्व सुरूच झाले नाही. इस्रायलकडून येणार होता मॅकाबी नेतन्या. अरब क्लबांनी त्याच्याशी खेळण्यास नकार दिला आणि महासंघाने स्पर्धा रद्द केली. १९७४ च्या तेहरान आशियाई खेळांतही उत्तर कोरिया आणि कुवेत यांनी इस्रायलविरुद्धचे सामने सोडले. त्याच वर्षी कुवेतच्या प्रस्तावावर मतदान झाले : इस्रायलला वगळण्याच्या बाजूने १७, विरोधात १३, तटस्थ ६. चारपैकी तीन आशियाई क्लब विजेतेपदे मिळवणारा देश आशियाई फुटबॉलच्या बाहेर गेला.

२३/ इस्रायलची पुढची वाटचाल भूगोलाची थट्टा करणारी आहे. १९९० च्या विश्वचषकाची पात्रता त्याने ओशेनिया गटातून खेळली आणि अखेरच्या टप्प्यात कोलंबियाकडून हार पत्करली. १९९४ मध्ये तो युरोपीय महासंघाचा पूर्ण सदस्य झाला. म्हणून आज मॅकाबी तेल अवीव युरोपीय स्पर्धांत दिसतो. आशियाच्या विजेत्यांच्या यादीत त्याची नावे आहेत, पण तो आता आशियात नाही.

२४/ केवळ राजकारणाने स्पर्धा मारली, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. तिचा पायाच कच्चा होता. एका शहरात भरणारी स्पर्धा म्हणजे उरलेल्या सर्व शहरांतील प्रेक्षकांसाठी ती नसल्यासारखीच. बंगलोर, कोलकाता वा जालंधरच्या चाहत्याला आपला संघ आशियाच्या मैदानात उतरला, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळे. स्वतःच्या गावात परदेशी विजेता येऊन खेळला, हा अनुभव कोणालाच मिळाला नाही. ज्या स्पर्धेशी प्रेक्षकाचे नाते जुळत नाही, ती बंद पडली तर तिच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

२५/ या खंडाची किंमत भारताला किती पडली? भारताच्या पुरुष संघाने आशियाई खेळांतील शेवटचे फुटबॉल पदक मिळवले ते १९७० मध्ये, बँकॉकमध्येच; ते कांस्य होते. त्यानंतरच्या घसरणीची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष एका बंद पडलेल्या स्पर्धेवर टाकता येणार नाही. पण जपान, कोरिया आणि पश्चिम आशिया जेव्हा झपाट्याने पुढे जात होते, नेमक्या त्याच काळात भारतीय खेळाडूला त्यांच्या विजेत्या संघांशी भिडण्याची ही एक नियमित संधी नाहीशी झाली. आपण मागे पडत आहोत, हे कळण्यासाठीसुद्धा समोर प्रतिस्पर्धी लागतो.

२६/ घरातील रचना हळूहळू बदलली. १९७७ मध्ये क्लबांसाठी फेडरेशन चषक सुरू झाला. १९८५ मध्ये आशियाई क्लब स्पर्धा नव्याने उभी राहिली तेव्हा भारताकडून राज्य नव्हे, तर ईस्ट बंगाल हा क्लब उतरला. त्या पर्वाचे विजेतेपद दक्षिण कोरियाच्या देवू रॉयल्सने मिळवले. राष्ट्रीय लीग तर १९९६-९७ मध्ये आली. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकली आणि पुढच्या वर्षी आशियाई महासंघाच्या दुय्यम चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. म्हैसूर राज्यापासून महिंद्रपर्यंतचा हा प्रवास जवळजवळ चार दशकांचा आहे.

२७/ जुन्या नावांची पुन्हा गाठ पडू लागली ती अगदी अलीकडे. एप्रिल २०२१ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटसामने खेळले. तेथवर पोहोचलेला हा पहिला भारतीय क्लब. प्रतिस्पर्ध्यांत होता पर्सेपोलिस, जो १९६९ मध्ये म्हैसूरबरोबर बँकॉकला आला होता. एदू बेदियाने त्याच्याविरुद्ध केलेला गोल हा या स्पर्धेच्या गटफेरीतील भारतीय क्लबचा पहिला गोल. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या वायुदलाच्या क्लबला २-१ असे हरवले. निर्णायक गोल होता मुंबईच्या राहुल भेके याचा. १९७१ मध्ये बगदादचे पोलीस मैदानात उतरले नव्हते. या वेळी बगदादचे वायुदल उतरले आणि हरले.

२८/ १८ सप्टेंबर २०२३ रोजी ही स्पर्धा पुण्यात आली. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मुंबई सिटीसमोर इराणचा नस्साजी माझंदरान उभा राहिला आणि २-० असा जिंकून गेला. 'नस्साजी' म्हणजे विणकाम, कापडगिरणी. तेव्हा पुन्हा एकदा कारखान्याच्या नावाचा संघ. दौंड वा शिरूरच्या रसिकाला १९६९ मध्ये आशियाचा विजेता पाहण्यासाठी बँकॉक गाठावे लागले असते. आता सकाळी निघून रात्री घरी परतता येण्याजोग्या अंतरावर तो सामना झाला. त्या चार पर्वांना जे साधले नव्हते, ते हे.

२९/ पण रिकामी जागा अजून पुरती भरलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोहन बागान सुपर जायंटला इराणमधील तबरीझ येथे ट्रॅक्टर या क्लबशी खेळायचे होते. तो प्रदेश युद्धाच्या छायेत होता. खेळाडूंच्या सुरक्षेच्या कारणास्तव संघ गेला नाही आणि महासंघाने त्याने स्पर्धेतून माघार घेतली असे मानले. येथे प्रश्न कोणाला मान्यता देण्याचा नव्हता, जिवाचा होता. दोन्ही नकार एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तरी निकालाच्या रकान्यातली नोंद सारखीच राहिली : सामना झाला नाही.

३०/ आशियाई विजेत्या क्लबांच्या त्या स्पर्धेचा इतिहास म्हणूनच गोलांच्या संख्येत मावत नाही. म्हैसूर हे नाव गेले, ताज गेले, यांगजी गेला, दक्षिण व्हिएतनाम हा देशच गेला, इस्रायल दुसऱ्या खंडात गेला. उरले ते काही निकाल आणि एक कोरी ओळ. इतिहासाच्या अभ्यासकाने झालेल्या सामन्यांइतकेच न झालेल्या सामन्यांकडेही लक्ष द्यावे; कारण मैदानात कोण उतरले याचे उत्तर खेळ देतो, पण कोण का उतरले नाही, हे सांगायला त्या काळाचाच शोध घ्यावा लागतो.

समाप्त.